रस्त्यावरचा जादूगार स्टेजवर टिकतो का?

आजचा भाग जादूवर आहे. म्हणजे जादू कशी करायची यावर नाही, ते मला येत नाही आणि येत असतं तरी सांगितलं नसतं. आजचा प्रश्न असा: टीव्हीवर रस्त्यात उभं राहून लोकांना चक्रावून टाकणारा जादूगार, त्याला हजार-दीड हजार खुर्च्यांच्या थिएटरमध्ये उभं केलं तर तो चालतो का? लोक तिकीट काढतात का? आणि काढलं तर बाहेर पडताना खूश असतात का?

वरवर बघता प्रश्न हलकाफुलका आहे. पण खरं तर तो आपल्या सगळ्यांचा आहे. आपण जे काही थक्क करणारं बघतो, त्यातलं बहुतेक हातातल्या सहा इंची पडद्यावर बघतो. मग तोच माणूस समोर, त्याच हवेत, एडिटशिवाय उभा राहिला की काय उरतं? याचं उत्तर शोधायला जादूच्या इतिहासासारखी प्रयोगशाळा नाही, कारण तिथे हा प्रयोग खरोखर झालाय. बऱ्याच वेळा.

चला, सुरू करूया.

१९९७: कॅमेरा उलटा फिरला

१९ मे १९९७. अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीवर एक तासाचा कार्यक्रम लागला, ‘डेव्हिड ब्लेन: स्ट्रीट मॅजिक’. ब्लेन तेव्हा २४ वर्षांचा होता. ब्रुकलिनचा पोरगा. ना कोट, ना टोपी, ना ससा. साधा टी-शर्ट, हातात पत्ते, आवाज इतका संथ की झोपेतून उठून आल्यासारखा. तो रस्त्यातल्या अनोळखी लोकांजवळ जायचा, एक पत्ता काढायला सांगायचा, आणि मग लोक ओरडत पळत सुटायचे.

आता गंमत बघा. त्याचे बरेचसे प्रयोग जुनेच होते, जादूगारांच्या पुस्तकांत आधीपासून असलेले. नवीन होती ती कॅमेऱ्याची दिशा. त्याआधी टीव्हीवरची जादू म्हणजे कॅमेरा जादूगारावर. ब्लेनने तो बघणाऱ्यांच्या चेहऱ्यावर फिरवला. हात तोंडावर गेलेली बाई, मागे सरकणारा मुलगा, शिवी हासडणारा माणूस. आज आपण ज्याला ‘रिअ‍ॅक्शन व्हिडिओ’ म्हणतो, त्याचा हा एक पूर्वज.

याचा परिणाम मोठा होता. घरी बसलेल्या माणसाने जादू बघितलीच नाही, त्याने जादू *बघणारा माणूस* बघितला आणि त्याच्यावर विश्वास ठेवला. आणि विश्वास ठेवायला लावायचं काम एडिटिंगने केलं. दिवसभर शूट करायचं, दहा जणांपैकी ज्याची प्रतिक्रिया सगळ्यात भारी तो ठेवायचा, बाकीचे कापायचे. ब्लेन जमिनीवरून वर उचलला जातो तो प्रसंग तर आजही वादात आहे. हवेत तरंगण्याची एक जुनी पद्धत आहे, तिला बालडुची लेव्हिटेशन म्हणतात. ती फक्त एका ठरावीक कोनातून, दोन-चार माणसांनाच दाखवता येते आणि पाय जेमतेम काही इंच उचलल्यासारखे वाटतात. आक्षेप असा आहे, की लोकांच्या प्रतिक्रिया या छोट्या प्रयोगाच्या होत्या आणि टीव्हीवर त्यांच्याशेजारी जोडलेलं तरंगणं त्याहून बरंच उंच, वेगळं चित्रित केलेलं होतं.

हा आक्षेप बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. दोन-चार माणसं, एक कोन, एक चांगला टेक. ही झाली टीव्हीची गल्ली. आता हे सगळं उचलून थिएटरमध्ये न्या बरं.

थोडं गणित

मी कोड लिहिण्याच्या धंद्यातली असल्यामुळे मोजल्याशिवाय चैन पडत नाही. पत्त्यांच्या कॅटमधला पत्ता साधारण ८८ मिलिमीटर उंच असतो. बालगंधर्व रंगमंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात मागे बसलात, स्टेजपासून समजा २५ मीटरवर, तर तो पत्ता तुम्हाला किती दिसेल? हातभर अंतरावरच्या, म्हणजे ६० सेंटिमीटरवरच्या वहीत २ मिलिमीटरची रेघ दिसते तेवढा. बदाम की इस्पिक, विसरा.

आता तोच पत्ता मोबाइलवर बघा. स्क्रीनवर ५ सेंटिमीटरचा, डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर. नाट्यगृहातल्या मागच्या रांगेपेक्षा जवळजवळ ४७ पट मोठा. म्हणजे फुकट बघणाऱ्याला पैसे देणाऱ्यापेक्षा ४७ पट चांगलं दिसतंय! रस्त्यावरच्या टीव्ही जादूगाराची पहिली अडचण ही अशी शाळेतल्या भूमितीची आहे.

यावर उपाय आहे, मोठा पडदा. स्टेजवर कॅमेरामन उभा करायचा आणि वर स्क्रीनवर हात दाखवायचे. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतो. मी तिकीट काढून, पार्किंग शोधून, दीड तास प्रवास करून आले ती पुन्हा स्क्रीनच बघायला का?

आधीच्या लोकांनी हे कसं सोडवलं होतं?

ही भीती टीव्हीवाल्या जादूगारांना पहिल्या दिवसापासून होती. १९६० मध्ये अमेरिकेत मार्क विल्सन यांचा ‘मॅजिक लँड ऑफ अलाकझाम’ हा कार्यक्रम सीबीएस वाहिनीवर सुरू झाला. त्यांनी स्वतःवर नियम घालून घेतला: स्टुडिओत खरे प्रेक्षक असतील, आणि जादू चालू असताना कॅमेऱ्याची कोणतीही चलाखी होणार नाही. म्हणजे घरच्या प्रेक्षकाशी एक करारच. ‘तू इथे असतास तरी हेच दिसलं असतं.’ लक्षात ठेवा हे वाक्य. आजच्या भागाचा सगळा सांगाडा त्यावर उभा आहे.

आणि त्याच्याही आधी आपल्याकडचा एक माणूस हे करून बसला होता. पी. सी. सरकार. बंगालचे जादूगार, ‘इंद्रजाल’ हा त्यांचा भव्य शो. ९ एप्रिल १९५६ ला लंडनमध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात त्यांनी एका १७ वर्षांच्या मुलीला टेबलावर झोपवलं आणि गोल करवतीने मधोमध कापलं. थेट प्रक्षेपण बरं का, रेकॉर्डिंग नाही. कापून झाल्यावर ते तिला उठवायला गेले, तिचा हात चोळला, ती काही हलेना. त्यांनी तिचा चेहरा काळ्या कापडाने झाकला, तेवढ्यात निवेदक रिचर्ड डिंबलबी कॅमेऱ्यासमोर आले आणि कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं.

झालं! लंडनभर लोकांना वाटलं, टीव्हीवर खून झाला. बीबीसीच्या फोनलाइन्स घाबरलेल्या लोकांच्या फोनने भरून गेल्या. बीबीसीला सांगावं लागलं की मुलगी ठणठणीत आहे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बातमी. आणि सरकारांचा ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमधला शो? हाउसफुल्ल.

वेळ संपल्यामुळे कार्यक्रम आटोपला असं सांगण्यात आलं. पण सरकार वेळेचे पक्के होते, हे सगळं ठरवून केलं असणार असं मानणारे बरेच आहेत. काहीही असो, टीव्हीने थिएटर भरलं. कारण? टीव्हीवर त्यांनी दाखवलं ते स्टेजचंच काम होतं. मोठं टेबल, मोठी करवत, मागच्या रांगेतून दिसणारं. टीव्हीवर जे वचन दिलं तेच थिएटरात पाळलं. डेमो आणि प्रॉडक्शन एकच होतं, असं आम्ही ऑफिसात म्हणू.

पण रस्त्यावरून स्टेजवर लोक आधीही गेलेत की

हो, गेलेत. आणि इथे आपला देश सगळ्यात पुढे आहे.

१८१३ मध्ये लंडनच्या पॉल मॉल भागात भारतीय खेळकऱ्यांचा एक चमू आला. चेंडू फेकणं, तलवार गिळणं, वाट्या-चेंडूंचा खेळ. त्या काळात गाजलेलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे रामो सामी, मूळ नाव बहुधा रामास्वामी. लंडनच्या थिएटरांत त्याचे खेळ झाले, तो अमेरिकेलाही जाऊन आला. विल्यम हॅझलिटसारख्या मोठ्या निबंधकाराने भारतीय खेळकऱ्यांवर अख्खा निबंध लिहिला. शेवट मात्र वाईट. १८५० मध्ये रामो सामी गेला तेव्हा घरात इतकी ओढगस्त होती, की अंत्यविधीसाठी त्याच्या बायकोला वर्तमानपत्रातून मदत मागावी लागली.

पण मुद्दा काय, तर भारतातल्या उघड्यावरच्या खेळातून आलेली ही मंडळी लंडनच्या स्टेजवर सहज उभी राहिली. मग ब्लेनच्या पिढीला का अवघड गेलं असावं?

कारण दोन्हीकडचा ‘रस्ता’ एक नाही.

आपल्याकडचा गारुडी किंवा मदारी काय करतो, आठवा. आधी डमरू किंवा ढोलकी. मग जमुऱ्याशी मोठ्या आवाजात संवाद. गोल रिंगण करायचं, पोरांना पुढे बसवायचं. मुख्य खेळ जवळ आला की थांबायचं, पैसे मागायचे, आणि तरीही गर्दी फुटू द्यायची नाही. भर उन्हात, ज्यांनी तिकीट काढलेलं नाही आणि जे कुठल्याही क्षणी चालते होऊ शकतात अशा शंभर लोकांना अर्धा तास धरून ठेवायचं. चारी बाजूंनी लोक बघतायत, एकही कोन सुरक्षित नाही. मराठीत ‘गारुड घालणं’ हा शब्दप्रयोग उगाच नाही आलेला. हे सगळं म्हणजे स्टेजचंच शिक्षण आहे, फक्त छप्पर नाही.

टीव्हीवरच्या स्ट्रीट मॅजिशियनला यातलं काहीच करावं लागत नाही. गर्दी जमवायची नाही, कारण कॅमेरा बघून लोक आपोआप थांबतात. गर्दी धरून ठेवायची नाही, कारण खेळ दोन मिनिटांत संपतो. पैसे मागायचे नाहीत, ते वाहिनी देते. त्याचा रस्ता म्हणजे भिंती नसलेला स्टुडिओ.

एडिट नसलेला रस्ता कसा असतो ते ब्लेनने स्वतः अनुभवलंय. २००३ मध्ये लंडनला टॉवर ब्रिजजवळ तो काचेच्या पेटीत लटकत ४४ दिवस उपाशी राहिला. खालच्या गर्दीने काय केलं? अंडी मारली, खाणं दाखवून चिडवलं. एकाने रिमोटच्या हेलिकॉप्टरला चीजबर्गर बांधून त्याच्या नाकासमोर उडवला. रस्त्यावरची माणसं कापून टाकता येत नाहीत, तेव्हा ती अशी वागतात.

गोष्ट मोठी, स्टेज छोटं

अजून एक जुना धडा सांगते, भारतीय दोरखंडाच्या जादूचा. दोर हवेत सरळ उभा राहतो, पोरगा वर चढतो आणि गायब होतो. जगभर प्रसिद्ध. पण ही प्रसिद्धी पसरवण्यात मोठा हात होता ८ ऑगस्ट १८९० च्या ‘शिकागो ट्रिब्यून’मधल्या एका लेखाचा. दोन अमेरिकन तरुण भारतात गेले, एकाने चित्र काढलं, दुसऱ्याने फोटो काढला. चित्रात दोर आणि पोरगा दिसतो, फोटोत काहीच नाही! म्हणून सगळी नजरबंदी, असा निष्कर्ष. लेखातल्या फोटोवाल्याचं नाव होतं एस. एलमोर. भरभर म्हणून बघा: ‘सेल मोर’. पुढे वर्तमानपत्रानेच कबूल केलं की गोष्ट रचलेली होती. लिहिणारा होता जॉन विल्की, जो नंतर अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचा प्रमुख झाला.

कबुली कुणी वाचली नाही, गोष्ट मात्र फिरत राहिली. पाश्चात्त्य जादूगारांनी ती स्टेजवर आणायचा प्रयत्न केला. पण लोकांच्या डोक्यात जे चित्र होतं, उघडं मैदान, वर आकाश, ते कोणत्याही पडद्यामागून उभं राहीना. १९३४ मध्ये लंडनच्या मॅजिक सर्कलशी संबंधित समितीने खरी जादू करून दाखवणाऱ्याला ५०० गिनींचं बक्षीस लावलं. ते कुणाला मिळालं नाही.

धडा साधा आहे. माध्यमाने रंगवलेली जादू जितकी मोठी, तितकं प्रत्यक्ष स्टेज छोटं दिसतं.

आता आजच्या काळातली तीन-चार उदाहरणं.

क्रिस एंजल: पैसा ओतला, टीका झाली, शो चालला

क्रिस एंजलची गोष्ट सगळ्यात चमत्कारिक. ‘माइंडफ्रीक’ ही त्याची मालिका २००५ ते २०१० अशी ए अँड ई वाहिनीवर चालली. पाण्यावर चालणं, दोन इमारतींमध्ये तरंगणं, बागेत बाईचे दोन तुकडे. सगळं दिवसाढवळ्या, रस्त्यावर.

त्या लाटेवर २००८ मध्ये लास व्हेगसच्या लक्सर हॉटेलमध्ये ‘बिलीव्ह’ हा शो सुरू झाला. जोडीला कोण, तर सर्क दू सोलेल, जगातली सगळ्यात मोठी सर्कस-नाट्य कंपनी. करार दहा वर्षांचा. खर्चाचा आकडा १० कोटी डॉलरच्या घरात सांगितला गेला. आणि समीक्षकांनी शो फाडून खाल्ला. तक्रार काय होती? स्वप्नातली कथा आहे, नाच आहे, सशांच्या वेशातले नर्तक आहेत, पण जादू कुठाय?

सोपं स्पष्टीकरण असं वाटेल की टीव्हीवाला माणूस, त्याला स्टेज कुठून येणार. पण ते चूक आहे! टीव्ही मालिकेच्या आधी, २००१ ते २००३ मध्ये, एंजल न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये ‘माइंडफ्रीक’ नावाचाच स्टेज शो करायचा. सुमारे ६०० प्रयोग केले होते त्याने. टीव्हीआधीच स्टेजचा भरपूर सराव झाला होता त्याचा.

म्हणजे अडचण अनुभवाची नव्हती, वचनाची होती. टीव्हीने प्रेक्षकाला सांगितलं होतं: ‘हा माणूस तुझ्यासमोर, काहीही सामान नसताना, अशक्य गोष्ट करतो.’ स्टेजने दिलं सामान, प्रकाश, धूर, दरवाजे आणि नर्तक. जादूच्या शोमध्ये सामान दिसलं की प्रेक्षक लगेच म्हणतो, ‘अच्छा, त्या पेटीत काहीतरी आहे.’ रस्त्यावर पेटी नसते म्हणून तर तो बघत होता.

आता उलटी बाजूही सांगायला हवी. हा शो बंद पडला नाही. पुढच्या काही वर्षांत तो बदलत गेला, कथा आणि नाच कमी, जादू जास्त. २०१६ पर्यंत चालला. मग एंजलने त्याच थिएटरमध्ये टीव्हीचंच नाव घेऊन ‘माइंडफ्रीक लाइव्ह’ आणला आणि २०१८ च्या शेवटी तो प्लॅनेट हॉलिवुड हॉटेलमध्ये नेला. म्हणजे तो सुधारला कसा? टीव्हीने जे वचन दिलं होतं त्याच्याकडे परत जाऊन.

डेव्हिड ब्लेन: २० वर्षं थांबला

ब्लेनने मात्र घाई केली नाही. ‘स्ट्रीट मॅजिक’ १९९७ चा, आणि त्याचा उत्तर अमेरिकेतला पहिला स्टेज दौरा २०१७ चा. मधली २० वर्षं त्याने काय केलं? १९९९ मध्ये सात दिवस स्वतःला पुरून घेतलं. २००० मध्ये टाइम्स स्क्वेअरमध्ये बर्फात ६० तासांहून जास्त उभा राहिला. २००८ मध्ये ऑप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमात १७ मिनिटं ४ सेकंद श्वास रोखला, तोही आधी शुद्ध ऑक्सिजन घेऊन, आणि हे त्याने लपवलं नाही.

नीट बघितलं तर लक्षात येतं: त्याने स्टेजची अडचण स्टेजवर जाण्याआधीच सोडवली. पत्ता मागच्या रांगेतून दिसत नाही. पण पाण्याच्या टाकीत एक माणूस श्वास रोखून बसलाय आणि घड्याळ पुढे सरकतंय, हे दिसतं. दिसायलाही नको, नुसतं माहीत असलं तरी पोटात गोळा येतो. दौऱ्यात त्याने हेच केलं. टाकीत कित्येक मिनिटं श्वास रोखायचा, आणि बाकी वेळ लोकांना स्टेजवर बोलावून जवळून बघू द्यायचं.

आणि यातलं बरंच आलं कुठून? जुन्या स्टेजवरूनच! १९२०-३० च्या काळात हाजी अली नावाचा इजिप्शियन कलाकार अमेरिकेच्या व्हॉडव्हिल थिएटरांत खेळ करायचा. भरपूर पाणी प्यायचं, वर केरोसीन प्यायचं, मग आधी केरोसीन तोंडातून काढून आग भडकवायची आणि मागून पाणी काढून ती विझवायची. ब्लेनने वर्षानुवर्षं सराव करून हा प्रयोग २०१३ च्या टीव्ही कार्यक्रमात परत आणला. म्हणजे रस्त्याचा हा राजा स्टेजवर जायला निघाला तेव्हा शिकायला गेला तो शंभर वर्षांपूर्वीच्या स्टेजवाल्यांकडे.

२०२२ मध्ये त्याने लास व्हेगसला ‘इन स्पेड्स’ हा शो सुरू केला. त्यातल्या उंचावरून खोक्यांवर उडी मारण्याच्या प्रसंगात २०२३ मध्ये त्याचा खांदा निखळला, प्रेक्षकांसमोर. एंजलही २०१७ मध्ये स्टेजवर उलटा लटकून बंधनातून सुटताना बेशुद्ध पडला होता. इथे ‘परत एक टेक घेऊया’ म्हणता येत नाही. ‘तू इथे असतास तरी हेच दिसलं असतं’ हा जुना करार पाळायची किंमत या दोघांनी शरीराने दिली. असं करावं असं माझं म्हणणं नाही. पण एडिट काढून घेतल्यावर विश्वास मिळवायला माणसं कुठवर जातात, ते यातून कळतं.

डायनॅमो आणि डेरेन ब्राउन

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचा डायनॅमो, खरं नाव स्टीव्हन फ्रेन. २०११ मध्ये लंडनच्या संसदेसमोर थेम्स नदीवर चालला आणि ‘मॅजिशियन इम्पॉसिबल’ मालिका गाजली. २०१५-१६ मध्ये त्याने ‘सीइंग इज बिलीव्हिंग’ हा दौरा केला. त्याने वेगळी चावी वापरली: स्वतःची गोष्ट. गरीब वस्ती, शाळेतली दादागिरी, त्यातून वाचायला आजोबांनी शिकवलेली जादू, क्रोन्स हा पोटाचा आजार. छोटे खेळ मोठ्या पडद्यावर दिसतात, पण त्यांना बांधून ठेवतो तो समोर बोलणारा माणूस.

डेरेन ब्राउन हा पूर्ण स्ट्रीट मॅजिशियन नाही, पण त्याच्या २००० च्या ‘माइंड कंट्रोल’मध्ये रस्त्यावरच्या लोकांवरचे प्रयोग भरपूर होते. तो लवकर, २००३ पासूनच, स्टेज शो करू लागला आणि ब्रिटिश रंगभूमीचा मानाचा ऑलिव्हिए पुरस्कार त्याच्या शोंना दोनदा मिळाला. त्याची एक छोटी युक्ती मला फार आवडते. स्टेजवर कुणाला बोलवायचं हे ठरवायला तो प्रेक्षकांत फ्रिस्बी फेकतो. ज्याच्या हातात पडेल तो. इतकं साधं. पण त्या एका फेकीने काय होतं बघा: टीव्हीवर मला शंका असते की हा माणूस त्यांचाच असेल. इथे फ्रिस्बी माझ्या शेजारच्या खुर्चीतल्या काकांनी पकडलेली असते. आणि काकांनी मध्यंतरात मला समोशाची रांग कुठाय ते विचारलेलं असतं! टीव्हीवर अनोळखी माणसाचा चेहरा जे काम करतो, ते इथे शेजारी करतो. आणि जास्त चांगलं करतो.

आपल्याकडे सुहानी शाह बघा. अहमदाबादला सातव्या वर्षी स्टेजवर उभी राहिलेली मुलगी, नंतर इंटरनेटवर घराघरांत पोचली, आणि २०२५ मध्ये ‘फिज्म’ या जादूच्या जागतिक स्पर्धेत ऑनलाइन जादूचा पुरस्कार घेऊन आली. तिचा प्रवास उलटा आहे: आधी स्टेज, मग स्क्रीन. म्हणून तिच्या शोला गेलेल्याला फसवल्यासारखं वाटायचं कारण उरत नाही. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्या घराण्यानेही पिढ्यान् पिढ्या नाट्यगृहं भरली, तीसुद्धा याच पायावर.

मग आपल्या रस्त्याचं काय झालं?

हा भाग वगळून पुढे जाणं मला जमणार नाही.

ज्या काळात जगभरच्या वाहिन्या ‘स्ट्रीट मॅजिक’ विकत होत्या, त्या काळात आपल्या खऱ्या स्ट्रीट मॅजिशियनवर कायद्याची टांगती तलवार होती. १९५९ चा मुंबईचा भीक-प्रतिबंधक कायदा काढून वाचा. सार्वजनिक जागी गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करणं अशा कुठल्याही निमित्ताने पैसे मागितले तर ती भीक. म्हणजे रिंगण करून टोपी फिरवणारा जादूगार कायद्याच्या नजरेत भिकारी. हा कायदा पुढे दिल्लीलाही लागू झाला. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणं गुन्हा ठरवणारी त्यातली कलमं दिल्लीपुरती रद्द केली.

दिल्लीतच इशामुद्दीन खान नावाचे रस्त्यावरचे जादूगार आहेत. १९९५ मध्ये कुतुबमिनारजवळ उघड्यावर, लोकांसमोर त्यांनी दोर उभा करून दाखवला आणि पोरगा त्यावर चढवला. पोरगा गायब झाला नाही, पण दोर उभा राहिला. जे मोठमोठ्या स्टेजवर जमेना, त्याच्या जवळ रस्त्यावरचा एक माणूस पोचला. आणि दिल्लीच्या ज्या कठपुतळी कॉलनीत जादूगार, डोंबारी, कळसूत्रीवाले पिढ्यान् पिढ्या राहत होते, ती पुनर्विकासासाठी २०१७ मध्ये पाडली गेली.

ज्यांना गर्दी धरून ठेवायची विद्या येत होती, त्यांना ना रस्ता मिळाला ना स्टेज. आणि ज्यांना फक्त कॅमेरा धरून ठेवायची विद्या येत होती, त्यांच्यासाठी थिएटरं बांधली गेली. मी ब्लेनला दोष देत नाही, त्याने आपलं काम केलं. पण ‘स्ट्रीट मॅजिक’ हा शब्द ऐकल्यावर आपल्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्क येतं आणि आपल्या गावचा बाजार येत नाही, ही थोडी टोचणारी गोष्ट आहे.

तर, उत्तर काय?

टीव्हीवरचा स्ट्रीट मॅजिशियन स्टेजवर यशस्वी होऊ शकतो. पण टीव्हीवरचा *खेळ* स्टेजवर हलवून होत नाही. टीव्हीवर अर्धं काम कॅमेरा आणि एडिट करत असतात. स्टेजवर ते काम दुसऱ्या कुणालातरी करावं लागतं. सरकारांच्या बाबतीत ते करवतीने केलं, ब्लेनच्या बाबतीत शरीराने, डायनॅमोच्या बाबतीत गोष्टीने, ब्राउनच्या बाबतीत शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने. एंजलने सुरुवातीला ते सजावटीवर सोपवलं, आणि तिथेच फसला.

आणि ‘यश’ म्हणजे काय हेही दोन भागांत बघायला हवं. पहिल्या दिवसाचं तिकीट टीव्ही विकून देतो. तेवढी प्रसिद्धी पुरते. दुसऱ्या वर्षाचं तिकीट मात्र पहिल्या वर्षी आलेला प्रेक्षक विकतो, घरी जाऊन शेजाऱ्याला सांगून. तिथे टीव्ही काही मदत करू शकत नाही.

पुढच्या वेळी एखादी जादूची रील बघाल तेव्हा एक प्रयोग करा. मनात विचारा: मी तिथे उभा असतो, उभी असते, तर हेच दिसलं असतं का? उत्तर ‘हो’ वाटलं, तर त्या माणसाचा शो तुमच्या शहरात आल्यावर खुशाल तिकीट काढा. आणि गावच्या जत्रेत कुणी रिंगण करून बसलेलं दिसलं, तर दोन मिनिटं थांबा, आणि टोपी फिरली की खिशात हात घाला. तो जुना करार तिथे कुठल्याही कॅमेऱ्याशिवाय पाळला जातो.

आजच्या भागात एवढंच. तुम्ही लहानपणी बघितलेला, अजून न उलगडलेला जादूचा खेळ कोणता, ते नक्की कळवा. फक्त कसा करतात ते सांगू नका, मजा जाते. भेटू पुढच्या भागात!